नर्सबाई, पिशवोबाला खाली उतरवलं

नर्सबाई, तुम्ही गेलात त्या सकाळी मी दुधाची पिशवी दातांनी फाडली होती. टोक तोडून बोराच्या बीसारखं थुंकलं होतं, ते बाकड्याखाली जाऊन पडलं होतं आणि मी एक डोळा पातेल्यावर, एक डोळा एसटी डेपोच्या कोपऱ्यावर ठेवून उभा होतो. तुमची यायची वेळ झाली होती. आता तुम्ही याल, वाकाल, ते टोक चिमटीत धरून उजेडाकडे कराल आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाल, "दामू, तुझे दात जप्त करायला हवेत." मग ते टोक तुमच्या निळ्या डब्यात टाकाल, झाकण खट्कन लावाल आणि मला म्हणाल, "साखर कमी." रोजचंच होतं ते. मी टोक तोडायचो त्यातलं निम्मं चहासाठी आणि निम्मं तुमचं बोलणं ऐकण्यासाठी. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमच्याऐवजी लक्ष्मणमामा आले. बोहाड्याच्या उत्सवात नाचवायची मुखवट्यांची सोंगं करणारा माणूस, हाताला कायम खळ आणि रंग. त्या दिवशी हात कोरडे होते.

"दामू, गॅस बंद कर. नर्सबाई गेल्या."

मी म्हटलं, "जामसरला? भावाकडे?"

मामा बाकड्यावर बसले, पाय उचलून. बाई, मी आयुष्यभर थापा मारल्या, लोकांनी ऐकून घेतल्या, चहाबरोबर पचवल्या. त्या सकाळी मामांनी एकदाच, एकच थाप मारली असती, तर मी त्यांना जन्मभर फुकट चहा पाजला असता.

हे लिहायला बसलोय ते तुमच्यासाठी. पण वाचणार बाकीचेही. त्यांना आधीच सांगून ठेवतो की दामू चहावाल्याने चार गोष्टी सांगितल्या की एक वजा करायची, ही जव्हारची जुनी रीत आहे. जिथे वजाबाकी करायची नाही, तिथे मी स्वतः सांगेन.

तर तुमचा निळा डबा. नोकरीत असताना तुमच्या खांद्याला लशींचा निळा डबा असायचा. तो डबा पाड्याच्या तोंडाशी दिसला की पोरं झाडावर चढायची, कोंबड्या घरात शिरायच्या आणि एकदा तर एक अख्खा बैल टोचून घ्यायला नको म्हणून मोखाड्यापर्यंत पळाला. निवृत्त झाल्यावर तुम्ही बाजारातून तसाच डबा विकत घेतला. मी विचारलं, "बाई, हा कशाला आता?" तुम्ही म्हणालात, "डबा बघून लोक दार उघडतात. सवय आहे त्यांना." आणि खरंच, तुम्ही दारात उभ्या राहिल्या की बायका आधी पोरांचे दंड पुढे करायच्या आणि मग कळायचं की आता दंड नको, दुधाची पिशवी हवी.

तुमचा नियम होता, पिशवी कात्रीने कापायची, पण टोक पूर्ण तोडायचं नाही. लटकत ठेवायचं. ते इवलंसं टोक वेगळं झालं की कुणी वेचत नाही, ते ओहोळात जातं, मातीत जातं, गुरांच्या पोटात जातं. पिशवी धुवायची, उलटी करायची, दोरीवर चिमट्याने लावायची. तेलाच्या पिशव्या, बिस्किटांचे कागद, सुपारीच्या पुड्या, सगळं वेगळं आणि कोरडं. मी म्हणायचो, "बाई, आपल्या जव्हारात चार महिने माणूस सुकत नाही, पिशवी कुठून सुकणार?" तुम्ही म्हणायच्या, "चुलीवर मिरच्या सुकतात ना? तिच्या शेजारी ठेवा."

हे वेड तुम्हाला जामसरला लागलं. तुमच्या भावाची गाय फुगून मेली आणि तुम्ही, आयुष्यभर बाळंतपणं केलेली बाई, गुरांच्या डॉक्टरला म्हणालात, कापा, मला बघायचंय. पोटातून पिशव्यांचा गोळा निघाला. तो तुम्ही धुऊन, उलगडून, अंगणात वाळत घातला. दुसऱ्या दिवशी माझ्या टपरीवर येऊन एक पिशवी माझ्यासमोर धरलीत. टोक नव्हतं.

"ही तुझी, दामू."

"माझी कशावरून? सगळा तालुका दूध पितो."

"सगळा तालुका कात्री वापरतो. दातांच्या खुणा आहेत."

हा आपला पहिला वाद, आणि तो आजही मिटलेला नाही. जव्हारच्या दुकानातली पिशवी जामसरच्या गाईच्या पोटात जायची कशी? मी वाऱ्याला दोष दिला, तुम्ही बाजारहाटाला. मी म्हणालो कोर्टात सिद्ध करा. तुम्ही म्हणालात, "मला सिद्ध करायचं नाही. तुला झोप लागते का बघ." झोप मला उत्तम लागली, बाई. पण त्या दिवसापासून मी टोकं कुठे पडतात ते बघायला लागलो. तोडत राहिलो, पण बघायला लागलो.

तुमचं एक मात्र मला कधी जमलं नाही. उन्हाळ्याचे दिवस होते. खोडाळ्याच्या पार्वतीबाई, नागलीचे पापड घेऊन आपल्या आठवडी बाजाराला येतात त्या, सगळ्यांसमोर तुमच्यावर कडाडल्या. "नर्सबाय, हंडाभर पाण्यासाठी मी अर्धा डोंगूर उतरतंय. नि त्या पाण्यानं मी पिशवी धुवू? देवाची का तुमची पिशवी?" बायका हसल्या. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि निघून गेलात. तुम्हाला माघार घेताना मी पहिल्यांदा बघत होतो, आणि खरं सांगतो, मजा आली. पुढच्या बाजारी तुम्ही आलात, भर गर्दीत पार्वतीबाईंच्या पापडांसमोर उभ्या राहिलात आणि मोठ्याने म्हणालात, "पार्वती, माझं चुकलं. उन्हाळ्यात धुवायची नाही. राखेने पुसायची. मी घरी चार पिशव्या पुसून बघितल्या, वास येत नाही." एवढंच. जसं काही चूक म्हणजे पायातला काटा, दिसला की काढायचा. पार्वतीबाईंनी तुम्हाला दोन पापड दिले. त्यातला एक मी खाल्ला.

आणि मग आपली तिघांची मोठी चूक.

कल्पना तुमची. कचऱ्याचा राक्षस करायचा, बाजारातून मिरवायचा, लोकांना दाखवायचं की हे आपण करतोय, आणि शेवटी सगळ्यांसमोर तो तोडून, पिशवी पिशवी वेगळी करून भंगाराच्या टेम्पोत टाकायचा. बनवायचं काम मामांचं. नाचवायचं माझं. मामांनी कळकाच्या कामट्यांचा सांगाडा केला, त्यावर दुधाच्या पिशव्यांचा चेहरा, तेलाच्या पिशवीची जीभ, बाटल्यांच्या झाकणांचे डोळे, वेफरच्या चंदेरी कागदांचा मुकुट. सोंग इतकं मोठं झालं की पेठेतून वळताना दोन्ही बाजूंचे पत्रे दाबून धरावे लागले. (ही वजा करा.) पण भयंकर मात्र होतं. मामांचा हात, तो. देव करायला घेतला तरी देव, राक्षस करायला घेतला तरी जिवंत.

तुम्ही म्हणालात, घोषणा देऊ. मी म्हणालो, घोषणेला कुत्रं वळून बघत नाही, संबळ लावू. बोहाड्याच्या वाजंत्र्यांना बोलावलं. भर उन्हात सोंग निघालं.

आता बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, पण आपण तिघं इथलेच. आपल्याला कळायला हवं होतं. बोहाड्यात सोंग चढलं आणि संबळ वाजला की ते लाकूड-कागद राहत नाही. मग तो देव असो की राक्षस, त्याला हळद-कुंकू, त्याला नारळ. ते जमिनीवर ठेवायचं नाही, त्याला पाय लावायचा नाही, आणि मोडायचं तर नाहीच. हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. आणि तरी मामा, मी, तुम्ही, तिघांपैकी एकालाही ते आठवलं नाही. संबळवाल्याने हाताच्या सवयीने सोंगाची चाल धरली. माझे पाय सवयीने पडायला लागले. आणि भाजीच्या ओळीतून एक म्हातारी ताट घेऊन थेट माझ्यापुढे.

मी आतून घामाने वितळत होतो. आतूनच म्हटलं, "आजी, मी दामू! चहावाला!"

म्हातारी म्हणाली, "गप रं. सोंगात बोलू नये."

तिने कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि झालं.

तुम्ही कात्री घेऊन पुढे आलात तेव्हा बायकांची भिंत झाली होती. "नर्सबाय, तुमी आमची पोरं जन्माला आणलीत. तुमचं सगळं ऐकू. पण याला कात्री नाय लावायची. वाजंत्री लागली याला." तुम्ही मामांकडे बघितलंत. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी सोंगात होतो, कुणाकडेही बघायची सोय नव्हती. शेवटी ते माझ्या टपरीच्या मागच्या भिंतीवर, उंच खुंटीला टांगलं गेलं. कारण जमिनीवर ठेवायचं नाही. तिसऱ्या बाजारी त्याच्यापुढे कुणीतरी एक धुतलेली, वाळलेली दुधाची पिशवी ठेवली. ज्याचं त्याला वाहायचं, एवढा साधा हिशेब. त्याला नावही मिळालं, पिशवोबा.

तुम्ही कपाळाला हात लावलात. पण त्या महिन्यात टेम्पोला पाच पोती गेली, तेव्हा हात काढलात.

इथून पुढे वजाबाकी नको.

पावसाळ्यात पिशव्या कमी झाल्या. लोक भाताच्या लावणीला गेले, पिशवोबाची नवलाई सरली. टेम्पोवाला म्हणाला, अर्ध्या पोत्यासाठी मी घाट चढणार नाही. तुम्ही भिजत दारोदार फिरत होतात, दम लागत होता, बाकड्यावर बसून छाती चोळत होतात, आणि मला ते बघवत नव्हतं. मग मी तोंड उघडलं. एका दुपारी टपरीवरच्या बायकांना म्हणालो, खोडाळ्याच्या एका बाईची शेळी हरवली होती, एकवीस पिशव्या वाहिल्या, टोकासकट, आणि शेळी दोन करडं घेऊन परत आली. बायका ऐकत राहिल्या. पुढच्या बाजारी पोतं भरलं. मग मी सुटलो. बदली रद्द झाली, पाठदुखी गेली, सुनेला दिवस गेले. आणि एकदा, बाई, एकदा मी म्हणालो की एका लेकराचा ताप उतरला.

तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही चहाचा ग्लास तसाच खाली ठेवलात. "दामू, मी सगळी नोकरी एक गोष्ट सांगण्यात घालवली. ताप आला तर अंगारा नको, आधी दवाखाना. एक एक घर मी त्यासाठी झिजवलं. आणि तू पिशवीसाठी ते पुसायला निघालास?"

मी म्हणालो, "बाई, पिशवीनं कुणाचं वाईट झालंय?"

मग पाड्यावरची जनी आली. रिमझिम होती, बाजार उठायला आलेला. कडेवर तीन वर्षांची पोर, गोधडीत गुंडाळलेली, आणि हातात अकरा पिशव्यांची घडी. स्वच्छ. टोकासकट. ती पिशवोबापुढे उभी राहिली. तुम्ही नळावरून हात धुऊन येत होतात. चालता चालता तुमचा हात त्या पोरीच्या मानेला लागला, उलटा हात, नर्सचा. तुम्ही थांबलात.

"कधीपासून?"

"तीन दिस."

"दवाखान्यात नेलंस?"

जनीने माझ्याकडे बघितलं. "भाऊ बोलले व्हते..."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. बघितलं असतंत तर बरं झालं असतं. पोर जनीच्या कडेवरून काढून घेतलीत आणि त्या वयात, त्या चिखलात, दवाखान्याकडे धावलात. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली. मी मागे धावलो, चपला कुठे राहिल्या माहीत नाही. पोर वाचली. वेळेत आणलं म्हणाले. तिच्या उशाशी तुम्ही तीन दिवस बसलात, आणि जनीच्या हातून पडलेली ती अकरा पिशव्यांची घडी माझ्या खिशात होती.

चौथ्या दिवशी तुम्ही टपरीवर आलात. चहा घेतला नाहीत.

"सगळ्यांना सांग, तू रचलंस म्हणून."

"बाई, सांगितलं तर पिशव्या बंद पडतील. मग गाई मरतील, बाई."

"गाईसाठी मी पोर देणार नाही. तूही देणार नाहीस. तुला नुसती लाज वाटते."

"मग तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं तर ती तुझी बदनामी. तू सांगितलंस तर ती दुरुस्ती."

"उद्या सांगतो."

दोन महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. टोकं मात्र उचलत राहिलात, मुकाट. बाई, तुमच्या शिव्या मी खाऊ शकतो, पण तुम्ही न बोलता वाकून ते टोक उचलायच्या, तेव्हा मला वाटायचं माझ्या पोटातून गोळा निघतोय. मी तापाची, दुखण्याची थाप पुन्हा मारली नाही. पण मारली होती हेही सांगितलं नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी तुम्ही येऊन पिशवोबाच्या खालच्या बाकड्यावर बसलात. शेजारी पाटी लावलीत, स्वतःच्या हाताने रंगवलेली: आजारी माणसाने आधी दवाखान्यात जावे. त्यानंतर दर बाजारी, सकाळपासून बाजार उठेपर्यंत, तुम्ही तिथेच. मला वाटलं राग गेला. वाटलं, म्हातारपणी पाय दुखतात, माझ्या चहाची सवय लागलीय. मी लोकांना सांगतही सुटलो की नर्सबाईंना माझ्या चहाशिवाय करमत नाही. तुम्ही पहाऱ्याला बसला होता, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. त्यानंतरच्या पहिल्या बाजारी बाकडं रिकामं होतं आणि एक बाई कडेवर खोकणारं लेकरू घेऊन पिशवोबापुढे उभी राहिली. त्या बाईला मी दवाखान्यात पाठवलं, स्वतः रिक्षात बसवून. इतके बाजार तुम्ही माझी थाप राखत बसलात, बाई. तुम्ही कुणालाही सांगू शकला असता. एका वाक्यात माझी टपरी उठली असती. तुम्ही फक्त वाट बघितलीत, आणि मी रोज "उद्या" म्हणून तुमच्या चहात साखर कमी टाकत राहिलो.

तुमचं दिवसकार्य झालं. कालच्या बाजारी बायका टपरीपुढे जमल्या, तुमच्या नावाने. कुणी फूल आणलं, बहुतेकींनी धुतलेल्या पिशव्या. मामा होते. मी बाकड्यावर चढलो. आयुष्यभर असंच बाकड्यावर चढून गोष्टी सांगितल्या होत्या.

म्हणालो, "बायांनो, ती शेळी आली नव्हती. म्हणजे मला माहीत नाही आली की नाही, मी रचली. बदली, पाठ, लेकराचा ताप, सगळं रचलं. पिशवोबानं कुणाचं काही केलं नाही. ते सोंग मामांनी कचऱ्याचं केलंय. नर्सबाई मला सांगत होत्या, खरं बोल. मी बोललो नाही. आता बोलतोय, त्या गेल्यावर."

मग पार्वतीबाई हसायला लागल्या. बाई, ते हसणं तुम्ही ऐकायला हवं होतं.

"ओ भाऊ! खोडाळ्याची शेळी ना? ती माझीच. दुसऱ्याच दिशी घरी आली व्हती, शेजारणीचा पाला खाऊन. नि दोन करडं? ती गाभण तरी व्हती का?"

सगळ्या हसल्या. मी म्हणालो, "मग माहीत होतं तर पिशव्या कशाला आणत होता?"

"तुमच्यासाठी कोण आणील? नर्सबाय दारात यायच्या. डबा उघडायच्या. टोक मोजायच्या. त्यांना पावसात परत पाठवायला लाज वाटायची. तुमच्या गोष्टी आपल्या ऐकायला. एसटी येईस्तवर बरं असतंय."

मला वाटलं होतं तुमची मोहीम माझ्या तोंडाच्या जोरावर चाललीय. बाई, इतकी मोठी थाप मी दुसऱ्या कुणाला कधी मारली नव्हती.

मीही हसायला लागलो. तेवढ्यात मागून जनीचा आवाज आला. ती हसत नव्हती. पोर तिच्या पदराला धरून उभी होती, आता चांगली मोठी, नाक शेंबडं.

"मी खरं मानलं व्हतं, भाऊ."

मी बाकड्यावरून उतरलो. काय बोलायचं असतं ते मला येत नाही, बाई, मला फक्त बोलता येतं. तुम्ही पार्वतीबाईंसमोर उभ्या राहिल्या होतात तसा मी जनीसमोर उभा राहिलो आणि तुमचेच शब्द बोललो, कारण माझ्याकडे त्यासाठी दुसरे नव्हते. "जनी, माझं चुकलं."

तिने वर खुंटीकडे बघितलं आणि म्हणाली, "मग ते उतरवा. नर्सबायना ते तवाच मोडायचं व्हतं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वाजंत्री लागलेलं सोंग. मामा पुढे झाले. म्हणाले, "ज्यानं चढवलं त्यानं उतरवायचं, एवढंच आहे. मी करतो. माझं काय व्हायचं ते होईल." त्यांनी नारळ फोडला, सोंगाला हात जोडले, काहीतरी पुटपुटले. संबळवाला बाजारातच होता, त्याने सोंग उतरवायची चाल वाजवली, हळू. मामांनी पिशवोबा खुंटीवरून काढून बाकड्यावर ठेवला, तुमच्या जागी.

पहिली पिशवी जनीने सोडवली. मग पार्वतीबाईंनी जीभ काढली. मग सगळ्या बसल्या, मटार सोलायला बसाव्यात तशा, आणि पिशवी पिशवी वेगळी होत गेली, दुधाची इकडे, तेलाची तिकडे, चंदेरी कागद वेगळे. शेवटी कामट्यांचा सांगाडा राहिला, तो मामा घेऊन गेले. पुढच्या बोहाड्यात त्यावर कागदाचा देव होईल म्हणाले. जनीची पोर झाकणांचे डोळे घेऊन पळाली. ती अकरा पिशव्यांची घडी मी त्या ढिगावर ठेवली. जनीने ती ओळखली.

टेम्पोवाल्याला आठ पोती गेली. (सहा. सवय जात नाही.)

तुमच्या भावाने जामसरहून तुमचा निळा डबा माझ्याकडे पाठवला. उघडला तर आत टोकं. माझी. किती वर्षांची कुणास ठाऊक, दाबून दाबून भरलेली, दातांच्या खुणांसकट. टेम्पोत टाकायची राहिली की ठेवून दिली होतीत, हा वाद आता तुमच्याशी कसा घालू? मी मात्र ती आज टेम्पोला देणार नाही. एक दिवस राहू देत.

आज सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी मी पेठेतून कात्री आणली. लाल मुठीची, तुमच्या कात्रीसारखी. पिशवी पातेल्यावर धरली. हात चुकला, दूध अर्धं ओट्यावर सांडलं, मांजराचा सण झाला. पण पिशवी धुतली, उलटी केली, दोरीला चिमट्याने लावली आणि बराच वेळ डेपोच्या कोपऱ्याकडे बघत राहिलो.

टोक लटकतंय, बाई. तुटलं नाही.